जी-उत्तरचा सरपंच कोण?

(नामपूर येथील व्याख्यानमालेत फेब्रुवारी 2026 मध्ये दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



आत्ता माझी ओळख करून देताना 'मुंबईचे पाहुणे' असं म्हटलं गेलं. ते मला जरा लागलं. मी मोसमकाठचाच. नोकरीसाठी गेलो आणि मुंबई महानगरपालिकेच्या शाळेत, धारावीत, मराठी माध्यमाच्या पोरांना तेहतीस वर्षं शिकवलं. राहायला माहीमला होतो. एवढ्यावरून माणूस पाहुणा होत असेल तर अर्धं नामपूर पाहुणं आहे.

ज्या गुरुजींच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला भूगोल शिकवला तो फळ्यावर कमी आणि नदीत जास्त. उन्हाळ्यात मोसम आटली की ते आम्हाला पात्रात न्यायचे आणि वाळूत काठीनं नकाशा काढायचे. इकडे मुल्हेर, इकडे हरणबारी, खाली मालेगाव, तिथं मोसम गिरणेला मिळते. मग तालुक्याची रेघ ओढायचे. एका पोरानं विचारलं, ही रेघ जमिनीवर खरंच असते का? गुरुजी म्हणाले, पाऊस पडू दे, मग बघायला ये. आज मी ज्या भागाबद्दल बोलणार आहे तिथं ही रेघ पावसात शोधायची वेळ माझ्यावर आली, म्हणून ते वाक्य आठवलं.

विषय आहे मुंबईचा एक वॉर्ड. त्याचं नाव जी-उत्तर. दादरचा पश्चिम भाग, माहीम आणि धारावी मिळून हा वॉर्ड होतो.

विषय निवडला तो मात्र माझ्या वडिलांनी. 1996 साली ते माझ्याकडे महिनाभर राहायला आले होते. मुलीच्या जन्माचा दाखला काढायचा होता, म्हणून मी त्यांना बरोबर घेऊन वॉर्ड ऑफिसात गेलो. दादरला प्लाझा सिनेमाच्या मागे, हरिश्चंद्र येवले मार्गावर ते ऑफिस आहे. काम अर्ध्या तासात झालं. तोवर वडील भिंतीवरचा नावांचा फलक वाचत उभे होते. सहायक आयुक्त, सहायक अभियंता, आरोग्य अधिकारी, करनिर्धारण, पाणी खातं, अनुज्ञापन. सगळा फलक वाचून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुमना वॉर्डना सरपंच कोन शे?" मी म्हटलं, सरपंच नसतो. त्यांनी फलकाकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि म्हणाले, "आठे ते समदा सायेबज शेतस."

तेव्हा मी हसलो. नंतर तीस वर्षं त्या प्रश्नाचं उत्तर शोधतो आहे.

आधी जागा समजून घेऊ. मुंबई सात बेटांची, हे आपण चौथीच्या पुस्तकात वाचलं. त्यातलं एक बेट माहीम. बिंबराजानं राजधानी केली ती माहिकावती म्हणजे हेच, असं 'महिकावतीची बखर' सांगते. राजवाड्यांनी ही बखर 1924 साली संपादून छापली. राजधानीच्या तपशिलावर अभ्यासकांचे वाद आहेत, ते त्यांनी घालावेत. आपल्याला वाद घालायचं कारण नाही, कारण आपलं मुल्हेरसुद्धा राजधानी होतं. बागुलांचं राज्य औरंगजेबानं 1638 साली घेतलं आणि आज मुल्हेर हे तालुक्यातलं एक गाव आहे. माहीमचंही तसंच झालं, फक्त त्याच्या वाट्याला गाव असणंही राहिलं नाही. ते एका इंग्रजी अक्षराच्या पोटात गेलं.

या अक्षरांची गंमत सांगतो. मुंबईचे विभाग ए पासून टी पर्यंत आहेत. मधली आय, जे, ओ, क्यू ही अक्षरं गायब. काही अक्षरांचे पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण असे तुकडे. असे मिळून बरीच वर्षं चोवीस विभाग होते, अलीकडे उपनगरांतल्या मोठ्या विभागांची आणखी फाळणी सुरू झाली. शहर आधी माहीम-शीवपर्यंतच होतं. 1950 मध्ये आणि पुन्हा 1957 मध्ये हद्द वाढून दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. अक्षरं मात्र लोकांच्या तोंडी कधी बसली नाहीत. "मी जी-उत्तरला राहतो" असं सांगणारा माणूस मला तेहतीस वर्षांत भेटला नाही. लोक माहीमला राहतात, कुंभारवाड्यात राहतात, शिवाजी पार्कला राहतात. जी-उत्तरमध्ये फक्त सरकार राहतं.

या वॉर्डाचं क्षेत्रफळ सुमारे नऊ चौरस किलोमीटर. 2011 च्या जनगणनेत इथं 5 लाख 99 हजार माणसं मोजली गेली. त्याच जनगणनेत आपल्या अख्ख्या बागलाण तालुक्याची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या आसपास होती. म्हणजे साल्हेरपासून सटाण्यापर्यंतची सगळी गावं, सगळे पाडे, वर त्यांच्या निम्म्याहून जास्त माणसं, आणि हे सगळं पायी दोन तासांत ओलांडता येईल एवढ्या जागेत.

पश्चिमेला अरबी समुद्राचा माहीमचा उपसागर, उत्तरेला मिठी नदी आणि खाडी. धारावी ही पश्चिम रेल्वे आणि मध्य रेल्वे यांच्या मधल्या सखल, एके काळच्या दलदलीच्या पाचरीत वसलेली. मिठी पलीकडे वांद्रे, म्हणजे दुसरा वॉर्ड आणि दुसरा जिल्हासुद्धा, मुंबई उपनगर. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. नामपूरला दोन चांगल्या वर्षांत मिळून पडेल एवढा तो पाऊस. विहार-पवईकडून येणारी मिठी फुगली, त्यात भरती. दुसऱ्या दिवशी मी शाळेकडे निघालो तर जिल्हा कुठं संपतो, वॉर्ड कुठं संपतो, काही दिसत नव्हतं. एकच तांबूस पाणी. गुरुजींच्या त्या पोरानं बघायला यायला हवं होतं.

या खाडीवरचा रस्ता हीसुद्धा ऐकण्यासारखी गोष्ट आहे. पूर्वी माहीमहून वांद्र्याला जायचं तर होडी. पावसाळ्यात होड्या बुडायच्या. सरकारकडे पैसे नव्हते, म्हणून जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी अवाबाई यांनी 1 लाख 57 हजार रुपये दिले आणि 1845 मध्ये माहीमचा कॉजवे झाला. या रस्त्यावर टोल घ्यायचा नाही, ही त्यांची अट होती. मुंबईला जाताना वाटेत तुम्ही किती टोल भरता ते आठवा आणि त्या बाईला मनातल्या मनात नमस्कार करा.

आता माणसं. इथं मला घाई करवत नाही.

समुद्राच्या कडेनं सुरुवात केली तर कोळी. माहीमला कोळीवाडा आहे आणि धारावीलाही. धारावी ही मुळात खाडीकाठची कोळ्यांची वस्ती. पुढे भर घालून घालून खाडी लांब गेली, कोळीवाडा जागेवरच राहिला आणि मासेमारीचं पाणी हातचं गेलं. माहीमला मखदूम अली माहिमींचा दर्गा. चौदाव्या-पंधराव्या शतकातले हे कोकणी मुसलमान विद्वान. कुराणावरचं त्यांचं अरबी भाष्य प्रसिद्ध आहे. त्यांच्या उरुसात पहिला मान मुंबई पोलिसांचा. गणवेशातले पोलीस डोक्यावर संदल घेऊन निघतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आपल्याकडे जत्रेत पाटलाचा मान असतो त्याची आठवण झाली. दर्ग्यापासून चालत काही मिनिटांवर सेंट मायकल चर्च. तिथं दर बुधवारी नोव्हेना असते आणि रांगेत ख्रिस्ती माणसांइतकेच हिंदूही उभे असतात. नवस हा विषय कुठल्याच धर्माच्या ताब्यात राहिलेला नाही. दादरचं पोर्तुगीज चर्च तर 1596 चं. त्याची आजची इमारत चार्ल्स कोरियांनी रचलेली.

दादरची गोष्ट वेगळी. ती प्लेगातून आली. 1896 मध्ये मुंबईत प्लेग शिरला, लोक शहर सोडून पळाले आणि 1898 साली इंग्रजांनी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला. दाटी फोडायची, उत्तरेकडे रुंद रस्त्यांची नवी वस्ती वसवायची. दादर-माटुंग्याची आखणी त्यातली. 1925 मध्ये माहीम पार्क नावाचं मैदान खुलं झालं आणि 1927 मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानं त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळालं. महाराष्ट्राच्या राजकारणातल्या निम्म्या गर्जना ज्या मैदानावर झाल्या, त्याचं नाव एका बाईनं महापालिकेत ठराव लावून धरला म्हणून पडलं, हे सभेला जाणाऱ्या किती जणांना माहीत असेल?

आणि धारावी. 'आशियातली सर्वांत मोठी झोपडपट्टी' हे शब्द मी आज एकदाच उच्चारले, पुन्हा उच्चारणार नाही. तिथं राहणारा माणूस स्वतःच्या वस्तीला असं म्हणत नाही. शहरातला नको तो धंदा शहराच्या वेशीबाहेर ढकलायचा, हा आपल्याकडचा जुना रिवाज. एकोणिसाव्या शतकात चामडं कमावण्याचे कारखाने असेच इकडे आले आणि त्यांच्यामागून तिरुनेलवेलीकडची तमिळ माणसं. सौराष्ट्रातले कुंभार आले, त्यांचा कुंभारवाडा आजही भट्ट्यांच्या धुरासकट तिथंच आहे. उत्तर प्रदेशातले जरीकाम करणारे आले. सोलापूर, सातारा, मराठवाड्यातली दुष्काळानं उठलेली माणसं आली. तेरा कंपाउंड नावाच्या भागात अख्ख्या मुंबईचं प्लास्टिक, पत्रा, डबे वेगळे होऊन पुन्हा कच्चा माल बनतात. सकाळी दादर-माटुंग्याला सायकलवरून भोंगा वाजवत येणारी इडली पहाटे धारावीतल्या घरांत वाफवलेली असते. शाळेत आमच्या शेजारच्या वर्गात तमिळ माध्यम, वरच्या मजल्यावर उर्दू, पलीकडे हिंदी. महापालिका आठ भाषांत शाळा चालवते. मधल्या सुट्टीत मात्र सगळी पोरं एकच भाषा बोलायची. ती कुठल्याही पुस्तकात नव्हती.

आता वडिलांच्या प्रश्नाकडे वळतो. एवढ्या माणसांचा कारभार कोण पाहतं?

मुंबईचा कारभार 1888 च्या अधिनियमावर चालतो. त्याचा पाया त्याहून जुना आहे. 1865 मध्ये आर्थर क्रॉफर्ड पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. पुढे 1872 च्या कायद्यानं निवडून आलेले सभासद आले. 1888 चा कायदा घडवण्यात फिरोजशहा मेहतांचा मोठा वाटा होता. त्या रचनेचा गाभा असा: नगरसेवक ठराव करतील, पैशावर नजर ठेवतील, पण अंमलबजावणीचा अधिकार आयुक्ताचा. आयुक्त सरकार नेमतं. महापौर हा मानाचा धनी. आणि वॉर्डात आयुक्ताचा माणूस बसतो, तो सहायक आयुक्त. लोक त्याला वॉर्ड ऑफिसर म्हणतात.

या वॉर्ड ऑफिसरकडे आपल्या सरपंचाकडे नाही एवढी यंत्रणा असते. झाडलोट, गटार, पाण्याच्या वेळा, दुकानांचे परवाने, अनधिकृत बांधकामावर हातोडा, डासांची फवारणी. उणं दोनच गोष्टींत: त्याला निवडून कुणी दिलेलं नाही आणि त्याची तिजोरी त्याची नाही. वॉर्डात गोळा झालेला मालमत्ता कर मुख्यालयात जातो आणि वाटणी वरून येते. महापालिकेचं 2025-26 चं अंदाजपत्रक 74 हजार कोटींहून मोठं. आपल्या ग्रामपंचायतीचा पैसा दिसायला केवढासा, पण त्यातल्या पेव्हर ब्लॉकवर ग्रामसभेत अर्धा तास भांडण होऊ शकतं. जी-उत्तरमध्ये ते भांडण करायला जागाच नाही.

नगरसेवक आहेत की, असं तुम्ही म्हणाल. आहेत. संपूर्ण मुंबईत 227, त्यातले अकरा जी-उत्तरमधले. पण अकरा जणांचे अकरा तुकडे. अख्ख्या वॉर्डानं मिळून निवडून दिलेला असा एकही माणूस नाही. विधानसभेचेसुद्धा दोन मतदारसंघ, धारावी आणि माहीम. 74 व्या घटनादुरुस्तीनं तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या, त्या नगरसेवकांच्याच. ग्रामसभेसारखी क्षेत्रसभा भरावी अशी तरतूदही राज्याच्या कायद्यात 2009 मध्ये आली. तिची सभा भरलेली मी पाहिली नाही. तुम्ही इथं वर्षातून चार ग्रामसभा घेता. कोरम होत नाही, आरडाओरडा होतो, कुणी तरी माईक हिसकावतो. ठीक आहे. पण होतात.

बाहेर बघितलं तर हे असंच असायला हवं असं काही नाही. लंडनचे 1965 पासून 32 बरो आहेत. प्रत्येकाची स्वतःची निवडून आलेली परिषद, स्वतःचा कर, स्वतःच्या शाळा-वाचनालयांचा कारभार. बरो म्हणजे शहराच्या पोटातली नगरपालिकाच. न्यूयॉर्कचे 1898 पासूनचे पाच बरो, त्यातल्या एकट्या ब्रुकलिनची लोकसंख्या पंचवीस लाखांवर. तिथं बरोचा अध्यक्ष लोक थेट निवडतात. 1990 मध्ये त्याच्या हातातला खरा अधिकार गेला आणि तो बराचसा सल्लागार उरला. पण निदान ब्रुकलिनच्या वतीनं बोलणारा एक चेहरा आहे. आपण थेट सरपंच 2017 मध्ये आणला, 2020 मध्ये काढला, 2022 मध्ये पुन्हा आणला. एवढी उलथापालथ खेड्याच्या पदासाठी. सहा लाखांच्या वॉर्डाला मात्र असं पद असावं की नसावं, हा प्रश्नही विधानसभेत कुणाला पडला नाही.

मी वॉर्ड ऑफिसच्या कारभाराला नावं ठेवायला आलेलो नाही. उलट दोन प्रसंगी ते कसं काम करतं ते मी जवळून पाहिलं. पहिला प्रसंग दर वर्षीचा, 6 डिसेंबरचा. चैत्यभूमीवर लाखो माणसं येतात, मनमाड-नाशिककडच्या गाड्या भरून जातात, आपल्या गावचेही जातात. शिवाजी पार्कवर मंडप, पाणी, शौचालयं, दवाखाने, आसपासच्या महापालिका शाळांत मुक्कामाची सोय. आमच्यासारखे मास्तर ड्युटीवर. दोन-तीन दिवसांपुरतं एक शहर उभं राहतं आणि सातव्या तारखेला दुपारपर्यंत मैदान झाडून मोकळं. दुसरा प्रसंग 2020 चा. 1 एप्रिलला धारावीत कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला. तिथं घराघरांत अंतर ठेवा म्हणणं म्हणजे थट्टा. सार्वजनिक शौचालय शेकडो माणसांत एक. तरी घरोघर तपासणी झाली, खाजगी डॉक्टर बरोबर घेतले गेले, शाळा आणि मंगल कार्यालयं विलगीकरणासाठी घेतली गेली आणि जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेऊन कौतुक केलं. या कामाला ज्या कायद्याचा आधार होता तो साथरोग अधिनियम 1897 चा, म्हणजे त्याच प्लेगाचा, ज्यानं दादर वसवलं.

दोन्ही प्रसंगांत वरून आदेश स्पष्ट होता, पैसा मोकळा होता आणि तारीख ठरलेली होती. आषाढातल्या एखाद्या मंगळवारी तुंबलेल्या गटाराला ना आदेश असतो ना तारीख. तिथं विचारणारं माणूस लागतं, आणि ज्याला विचारायचं तो पुढच्या वेळी मतं मागायला यावा लागतो.

त्यात हद्दीतलं सगळं वॉर्डाच्या हातात आहे असंही नाही. रेल्वेची जमीन रेल्वेची. दादर-माहीमच्या जुन्या उपकरप्राप्त इमारती म्हाडाकडे. धारावीच्या आराखड्याचा अधिकार पुनर्विकास प्रकल्पाच्या विशेष नियोजन प्राधिकरणाकडे. 2022 च्या निविदेनंतर तो प्रकल्प अदानी समूहाचा 80 टक्के आणि राज्य सरकारचा 20 टक्के वाटा असलेल्या कंपनीकडे गेला. पुनर्विकास व्हावा की नाही यावर बोलायला मी उभा नाही; ज्यांचं पोटमाळ्यावरचं घर पात्र ठरतं की नाही हे अजून ठरायचं आहे, त्यांनी बोलावं. मी फक्त एवढंच नोंदवतो की रस्त्यावरचा कचरा उचलायचं काम एकाचं आणि तो रस्ता पुढं राहील की नाही ते ठरवायचं काम दुसऱ्याचं. दोघांपैकी कुणीही धारावीनं निवडलेलं नाही.

मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली. पुढची निवडणूक गेल्याच महिन्यात, 15 जानेवारीला झाली. मधली जवळपास चार वर्षं प्रशासक. आपल्या जिल्हा परिषदेची आणि पंचायत समितीचीही मुदत त्याच मार्चमध्ये संपली, तेव्हा ही गोष्ट तुम्हाला समजावून सांगायला नको. त्या काळात धारावीत मी एक पाहिलं. माजी नगरसेवकांची कार्यालयं उघडीच होती. पाटीवर 'माजी' हा शब्द बारीक अक्षरात. अधिकार काही नाही, निधी नाही, तरी सकाळी बायका पाण्याची तक्रार घेऊन बाकावर बसलेल्या. वॉर्ड ऑफिस वीस मिनिटांवर होतं. पण तिथं अर्ज द्यावा लागतो, आणि इथं बाकावर बसता येतं.

आता जनगणना पुन्हा येते आहे. 2011 नंतर 2027. यंदा घरयादी, मग माणसं. तुमच्यातले काही शिक्षक त्या ड्युटीवर असतील. मी 2001 ला होतो आणि 2011 लाही. धारावीत मोजणी करायची तर लोखंडी शिड्या चढाव्या लागतात. खाली कारखाना, वर घर, त्याच्यावर आणखी एक घर. एका मातृभाषेच्या रकान्यासाठी मी शिडीवर उभा राहून किती भाषा ऐकल्या!

अशाच एका दुसऱ्या माळ्यावर एक बाई होती. सगळी उत्तरं नीट, शाळेतल्यासारखी. मातृभाषा? "मराठी." मी मराठी लिहिलं, कागद पिशवीत घातले आणि उतरायला लागलो. तोच मागून तिनं पोराला हाक मारली, "आरे, आठे ये, कोठे चालना?" मी शिडीच्या मधल्या पायरीवर थांबलो. नियम असा की सांगतील तेच लिहायचं. जनगणनेत अहिराणीला जागा आहे, ती खानदेशीच्या गटात मोजली जाते. पण तिनं सांगितलं होतं मराठी.

मी परत वर चढलो. म्हटलं, "बाई, घरमा काय बोलतस तुम्ही?"

तिनं पदर सावरला आणि मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "कोना गावना तुम्ही?"

"नामपूरना."

"मंग पयले सांगानं ना," ती म्हणाली आणि पोराला चहाचं आधण ठेवायला सांगितलं. मी कागद बाहेर काढून रकाना दुरुस्त केला.